शनिवारचं टपाल

“आधी म्हने डबा रिकामा ठेवा, एक कागद दिसू नये. आता म्हने केर बी टाकू नका. कचेरी हाय का उकिरडा हाय बाप्पा!”

अमृतराव हे यंत्राला म्हणत होते. पण यंत्र कोपऱ्यातल्या स्टुलावर, अमृतराव त्यांच्या टेबलाशी आणि मधे सुनयनाची खुर्ची. त्यामुळे यंत्राच्या वाट्याचं सगळं आधी तिच्या कानाला लागायचं.

यंत्र म्हणजे काय, तर एक काळा डबा. दोघांच्या शिदोरीचा असतो तेवढा. समोर एक हिरवा दिवा, तो लुकलुकत राहायचा. वरून हुकूम आला होता की कचेरीत आलेला आणि कचेरीतून गेलेला प्रत्येक ई-मेल हा सरकारी दस्तऐवज आहे. तो पुसायचा नाही, वर्षानुवर्षं सांभाळायचा आणि कायद्यानं कोणी मागितला तर काढून दाखवायचा. माणसांवर तेवढा भरवसा नाही, म्हणून हा डबा. मेल आला की त्याची एक प्रत आधी डब्यात जाऊन बसायची. मग तुम्ही तो वाचा, पुसा, डोक्यावर घेऊन नाचा, डब्याला काही फरक पडत नव्हता.

“काका, त्याले काऊन शिव्या देता?” सुनयना म्हणाली. “मुकं हाय ते.”

“मुकं हाय म्हनूनच भेव वाटते. बोलनाऱ्याचं काय, त्याले चहा पाजता येते.”

अमृतरावांनी त्या सकाळी यंत्राला चारदा शिव्या दिल्या होत्या आणि पंख्याला दोनदा. नोव्हेंबर चालू होता, आदिलाबादेत थंडी पडली होती, पंखा बंदच होता. तीन वाजता काय आहे, त्याचं नाव मात्र त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. सुनयनानंही नाही. तिच्यासमोर एक टाइप केलेला कागद पडला होता, खाली तिच्या सहीपुरती जागा सोडलेली. सकाळपासून तिनं त्याच्यावर आधी पेन ठेवलं, मग चष्म्याचं घर ठेवलं, आणि आता डबाच ठेवला होता, जेवणाचा.

ही कचेरी गावोगावच्या पाण्याच्या टाक्या, पंप न् नळ पाहणारी. सुनयना तामसीकडून रोज बसनं यायची. बारा वर्षं कंत्राटावर कॉम्प्युटर चालवत होती. दर मार्चला तिची नोकरी संपायची आणि साहेबांची सही झाली की एप्रिलात परत उगवायची. अमृतराव हेडक्लार्क, फाइलीला अजून ‘मिसल’ म्हणणारे. फेब्रुवारीत रिटायर होणार होते. सुनयनाला कॉम्प्युटर येत होता, पण कचेरी त्यांनीच शिकवली होती. कोणत्या साहेबाला तेलुगूत नमस्कार करायचा आणि कोणत्याला हिंदीत, कोणता कागद वर ठेवायचा आणि कोणता तळाशी जाऊ द्यायचा, सगळं.

आणि अमृतरावांना ही कचेरी शिकवली होती त्यांच्या पहिल्या सुपरिंटेंडंटनं. त्या म्हाताऱ्या माणसाचा एकच धर्म होता: आवक टपालाचा लाकडी खोका संध्याकाळी रिकामा पाहिजे. खोक्यात कागद उरला म्हणजे काम उरलं, आणि तपासणीला साहेब आला की तो आधी खोक्यातच डोकावतो. पुढं खोका गेला, कॉम्प्युटर आला. अमृतरावांनी तोच धर्म मेलला लावला. मेलचा डबा म्हणजे टपालाचा खोका. शनिवारी दुपारी तो रिकामा झालाच पाहिजे.

त्याची एक रीत होती. शनिवारी जेवणं झाली की अमृतराव खुर्ची सुनयनाच्या खुर्चीला लावून बसायचे, गालात सुपारी धरून डोळे मिटायचे. सुनयना एकेक मेल वाचून दाखवायची. ऐकून झालं की ते दोनातला एक शब्द बोलायचे. “कागद,” म्हणाले की सुनयना तो छापायची, मिसलीला लावायची आणि मग मेल पुसायची. “वाहू दे,” म्हणाले की नुसताच पुसायची. कोर्टाचं, वरच्या कचेरीचं, आमदाराच्या माणसाचं असलं की कागद. खालून आलेलं, गावातून आलेलं असलं की बहुतेक वाहू दे. खालची माणसं सोमवारी मीटिंगला येतातच, तोंडानं सांगतील. तास-दीड तासात डबा स्वच्छ. अमृतराव डोळे उघडून त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, “हां. आता कसं घर सारवल्यावानी दिसून राह्यलं.”

त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बारा वर्षं सुनयनाही दर शनिवारी सारवत आली.

हर्षदीपचा पहिला मेल एप्रिलात आला.

हर्षदीप म्हणजे सुनयनाच्या माहेरच्या गावचा नळवाला. सव्वीस वर्षांचा पोरगा, तोही कंत्राटावर. पंप सुरू करायचा, गावाला पाणी सोडायचं, कचेरीनं दिलेल्या टॅबवरून टाकीतल्या पाण्याची पातळी रोज कळवायची आणि दर सोमवारी टाकीवर चढून औषध टाकायचं. त्याची आई सखूबाई. सुनयनाच्या वडलांच्या शेतात सखूबाईनं पंधरा-वीस वर्षं कापूस वेचला होता. लहानपणी सुनयना तिनं वेचलेल्या कापसाच्या ढिगावर झोपून जायची, आणि सखूबाई तिला तशीच उचलून बांधावर आणायची. केसांत कापूस, डोळ्यांत झोप. हर्षदीप सुनयनाला ताई म्हणायचा. कचेरीत आला की आधी दारातून “जयभीम ताई,” आणि मग साहेबांकडे.

सोमवारच्या मीटिंगीत त्यानं साहेबांना सांगितलं, टाकीच्या लोखंडी शिडीची पायरी सुटून राह्यली. साहेब करीमनगरकडचे, मराठी त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, “लिखके दो.” मग त्यानं लिहून दिलं.

सुनयनानं तो मेल शनिवारी वाचून दाखवला. ‘वरून चौथी पायरी गंजून एका बाजूनं सुटली आहे. दुरुस्ती व्हावी.’

अमृतरावांनी डोळे न उघडता विचारलं, “शाई हाय का छापाले?”

“कुठची? मार्चापासून प्रिंटर कोरडा हाय. मागनी गेली म्हने हैदराबादले.”

“मंग राहू दे. बोलला ना तो साहेबाले? वाहू दे.”

दुसरा मेल मे महिन्यात. त्याला एक फोटो जोडलेला होता. पोराचा उघडा तळहात, आणि तळहातावर पायरी. शिडीची अख्खी पायरी, एखाद्यानं काकडी दाखवावी तशी. खाली एकच ओळ: ‘आता हातात आली.’ सुनयनाला हसू आलं होतं. ते आपलं हसणं तिला पुढं फार दिवस आठवत राहिलं. तिनं अमृतरावांना फोटो पाहा म्हटलं, त्यांनी एक डोळा उघडून पाहिला. “पोट्ट्याले काम नाई,” म्हणाले. “शाई आली का?” शाई आली नव्हती. वाहू दे.

हे दोन मेल कचेरीत सगळ्यांना माहीत होते. तिसरा कोणालाच माहीत नव्हता.

तिसरा जूनमधल्या एका शनिवारी आला. त्या दिवशी अमृतराव बोथ गावी भाचीच्या लग्नाला गेले होते. खुर्ची रिकामी होती. सुनयनानं एकटीनंच डबा उघडला. एकेक वाचायचा, मनातल्या मनात अमृतरावांचा शब्द म्हणायचा आणि पुसायचा, असं चाललं होतं. त्यात तो आला.

‘सुनयनाताई, साहेबांना दोनदा लिहिलं. शनिवारी तुम्ही वाचून दाखवता असं कळलं, म्हणून हा तुमच्याच नावानं लिहितो. आता दोन पायऱ्या नाहीत. सोमवारी औषध टाकायला चढावंच लागतं, नाही चढलं तर गैरहजेरी लागते. एवढा वाचून दाखवा. हर्षदीप.’

तिनं तो दोनदा वाचला. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. साहेब सुटीवर, अमृतराव लग्नात. बस साडेचारची होती. सोमवारी आल्या आल्या साहेबांना तोंडानंच सांगते, असं तिनं ठरवलं, अगदी मनापासून ठरवलं. आणि डबा रिकामा करायचा होता, म्हणून बोटानं सवयीनं तोही पुसला.

सोमवारी सकाळी आठला हर्षदीप टाकीवर चढला. सुनयनाची बस आदिलाबादच्या स्टँडात लागली तेव्हा सव्वानऊ झाले होते, आणि कचेरीच्या शिपायाचा फोन तिला खाली उतरताना आला.

*

चौकशी झाली. चौकशीचा कागद सुनयनानंच टाइप केला. त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचारी सुरक्षेची काळजी न घेता स्वतःच्या जबाबदारीवर टाकीवर चढला. शिडी नादुरुस्त असल्याबाबत कार्यालयास कोणतीही पूर्वसूचना प्राप्त नव्हती. साहेब तेलुगूत सांगत गेले, ती टाइप करत गेली. ‘प्राप्त नव्हती’ला तिची बोटं थांबली. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. अमृतरावांनी सुपारी कातरायला घेतली. मग तिची बोटं चालली.

त्याचा मोबाइल त्याच्याबरोबरच खाली पडून चुरा झाला होता, आणि मेलचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक नव्हता. टॅब कचेरीचा, तो कचेरीनं परत घेतला आणि पुढच्या माणसाला द्यायचा म्हणून आतलं सगळं काढून कोरा केला. त्यात कोणाचा डाव नव्हता. रीतच होती ती. गावात कोणीतरी म्हणालं की व्हिडिओ काढायला चढला होता. गावाला एवढं पुरलं.

जुलै संपता संपता काळा डबा आला. बसवायला हैदराबादहून एक जण आला होता, गळ्यात पट्टा, हातात तारा. त्यानं समजावून सांगितलं, “अब आप डिलीट दबाओगे ना मॅडम, तो भी अंदर रहेगा. सीधा कानून का मामला है.”

“और जो पहले मिट गया?” सुनयनानं विचारलं.

“महीनाभर कचरे में रहता है. उसके बाद गया.”

ती बोटांवर मोजत राहिली. महिना उलटून बारा दिवस झाले होते. थोड्या वेळानं तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, समजा गलती से मिट गया तो? तो म्हणाला, गया. जाताना तो जोडे घालत होता तेव्हा तिनं परत विचारलं, कंपनीवालों के पास भी नहीं रहता क्या? त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, क्या मिटा दिया आपने?” असं तो हसत म्हणाला. ती पण हसली. दुसरं काय करणार?

ऑगस्टात साक्षीचा अर्ज आला. साक्षी हर्षदीपची धाकटी बहीण, मास्तरकीचं शिकत होती, तेलुगूत शिकलेली, कायद्याचं कलम नंबरासकट लिहिणारी. माहितीच्या अधिकारात तिनं एकच गोष्ट मागितली होती: माझ्या भावानं शिडीबद्दल पाठवलेल्या मेलच्या प्रती. महिन्यानं उत्तर गेलं: ‘असा कोणताही मेल कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’

अमृतरावांनी मसुदा लिहिला तेव्हा तो सुनयनाला दोनदा वाचून दाखवला. “पाय बरं, एक तरी शब्द खोटा हाय का?”

नव्हता. आढळून येत नव्हताच. आला नाही असं कुठं म्हटलं होतं?

तेव्हापासून दर सोमवारी सखूबाई यायची. साक्षीचं कॉलेज असायचं, म्हणून ती एकटीच. दहाच्या बसनं उतरायची, पदर तोंडाला धरून, कारण बसमधे तिला उलटी व्हायची. कचेरीच्या ओट्यावर बसायची. पाणी मागायची. पाण्याच्या कचेरीत नळाला पाणी नसायचं, म्हणून सुनयना स्वतःची बाटली घेऊन बाहेर जायची. तिच्या माहेरी सखूबाईला पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. इथं सुनयना बाटली हातात द्यायची, तोंड लावून प्या म्हणायची. सखूबाई तरी ती उंच धरून वरूनच प्यायची. गळ्याशी ओघळ यायचा.

“सापडलं का व माय काई?”

“नाई, मावशी.”

“मी बसतो. सापडन.”

असं दुपारी दोनपर्यंत. दोनच्या बसनं परत. रागावली नाही, रडली नाही. एखाद्याची शेळी हरवावी आणि कोंडवाड्याशी येऊन बसावं, तशी बसायची. अमृतराव त्या वेळात ओट्याकडच्या दारानं बाहेर जायचे नाहीत. मागच्या दारानं, काट्याकुट्यातून लघवीला जायचे. साहेब सोमवारी दौरा लावायचे. सगळ्या कचेरीनं तिच्याभोवती एक वाट पाडली होती, पाणी दगडाला वळसा घालतं तशी.

साक्षीनं अपील केलं. अपील मोठ्या मॅडमकडे. त्या मंचेरियलहून यायच्या, दोन जिल्ह्यांचा कारभार होता त्यांच्याकडे. तारीख पडली.

तारखेच्या आठ दिवस आधी जेवणाच्या सुटीत सुनयनानं एक गोष्ट केली. कचेरीमागच्या लिंबाखाली बसून तिनं स्वतःच्या फोनवर हर्षदीपचे तिन्ही मेल लिहून काढले. आठवून लिहायची गरजच पडली नाही, ते पाठ होते. ‘आता हातात आली’ तसंच लिहिलं. ‘एवढा वाचून दाखवा’ तसंच. खाली लिहिलं: हे तीन मेल या कचेरीला आले होते. मी वाचले आणि मी पुसले. मग स्वतःचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. आणि तो मेल कचेरीच्या पत्त्यावर पाठवून दिला. का, ते तिला सांगता आलं नसतं. कुठं तरी ठेवायचं होतं, एवढंच.

जागेवर येऊन बघते तर पडद्यावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तिचंच नाव. अमृतराव हात धुऊन रुमाल शोधत येत होते. तिचं बोट आपोआप गेलं. पुसला.

आणि मग कोपऱ्यात पाहिलं तर हिरवा दिवा लुकलुकत होता.

बारा वर्षांत पहिल्यांदाच तिनं पुसलेलं पुसलं गेलं नव्हतं. मेल डब्यात जाऊन बसला होता, आणि डब्याला चहा पाजता येत नव्हता. किल्ली साहेबांकडे आणि हैदराबादला. कोणी मागितलं तर निघणार, नाही मागितलं तर वर्षानुवर्षं तसाच बसणार. मागणार कोण? कोणाला ठाऊक होतं?

आता तिच्यासमोर तो कागद होता. तीनच्या सुनावणीत द्यायचा. ‘आज रोजी यंत्रासह कार्यालयाचा संपूर्ण अभिलेख तपासला असता विषयांकित मजकूर आढळून आला नाही.’ खाली तिचं नाव, हुद्दा, सहीची जागा. अमृतरावांच्या हातचा मसुदा, सप्टेंबरातल्यासारखाच बिनखोट. त्यांना काय माहीत की या वेळी त्यांचा अख्खा कागद खोटा झाला होता, आणि तो तिनंच करून ठेवला होता.

“सही झाली?” पावणेतीनला त्यांनी विचारलं.

“करतो, काका.”

ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. जेवणाचा डबा उचलून त्यांनी कागद मोकळा केला, आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, “पोरी, मले बी झोप येत नाई. पन माहे तीनच महिने राह्यले, अन् तुले मार्च हाय. गेलेलं पोरगं वापस येते का?”

“नाई येत.”

“मंग?”

तिनं कागद घडी करून हातात घेतला. सही न करताच.

*

साहेबांच्या खोलीत मोठ्या मॅडम साहेबांच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि साहेब बाजूच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखे. समोर साक्षी, वही छातीशी धरून, आणि सखूबाई. सखूबाईनं नवी चप्पल घातली होती आणि ती आत येताना दाराशी काढून ठेवली होती. मॅडमना मराठी कळत नव्हतं. सखूबाईला बाजारापुरतं तेलुगू येत होतं, कचेरीपुरतं नाही. म्हणून मधे सुनयनाला उभं केलं: इकडचं तिकडं सांगायला.

साक्षी तेलुगूतच बोलली. एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. ती म्हणाली, मेल आलाच नाही आणि मेल पुसला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कचेरी यातली कोणती म्हणते?

साहेब म्हणाले, “अभिलेखात आढळत नाही.”

“मी ते विचारलं नाही, सर.”

मॅडमनी चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी अमृतरावांकडे. अमृतराव दाराशी उभे होते, ते म्हणाले, “तेव्हा यंत्र नव्हतं, मॅडम. ते जुलैत आलं. त्याच्यात पाहिलं. नाही.” आणि त्यांनी सुनयनाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

मॅडमनी हात पुढं केला. सुनयना हलली नाही. मॅडमना वाटलं, ती आधी त्या बाईंना समजावून सांगणार आहे. त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, कचेरी म्हणते तपासलं, मिळालं नाही. त्यांना काही म्हणायचं आहे का विचारा.

सुनयनानं सखूबाईकडे तोंड केलं. “मावशी, म्याडम विचारतेत, तुमाले काई बोलाचं हाय का?” मधलं वाक्य तिनं सांगितलंच नाही. सांगायची गरजही नव्हती. ‘नाही’ला कोणत्याही भाषेत तोंड सारखंच होतं.

सखूबाई उठून उभी राहिली. साक्षीनं बस म्हटलं, ती बसली नाही.

“मी भांडाले नाई आलो,” ती म्हणाली. ती मॅडमकडे पाहत नव्हती, सुनयनाकडे पाहत होती. “गावात म्हन्तेत व्हिडिओ काढाले चढला. मी म्हनो, नाई बाप्पा, त्यानं लिवून कळवलं कचेरीले, मले सांगे तो. जेवताना सांगे. आई, लिवलं, आता करतेत दुरुस्ती. मी सगळ्या गावाले तेच सांगतो. पन आता किती महिने झाले, कागद म्हन्ते नाई लिवलं. सरकारचा कागद काऊन खोटं बोलन?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“मले बी आता वाटून राह्यलं, पोरगं माह्याशी खोटंच बोललं असन. आई भेते म्हनून. तसं असन तर तसं सांगा, माय. मी त्याच्यावर एकडाव रागावून घेतो मनातल्या मनात, अन् गप बसतो. मंग येत नाई. बसमंदी मले लई उलट्या होतेत.”

साक्षीनं वहीत तोंड खुपसलं. साहेब खिडकीकडे पाहू लागले. खिडकीबाहेर काही नव्हतं. एक बंद पडलेला टँकर होता.

“आमे एमंटोंदि?” मॅडमनी विचारलं. काय म्हणतेय ती?

सुनयनानं तोंड उघडलं. बारा वर्षं तिला तेलुगू येत होतं. आता एक शब्द येईना. दाराशी अमृतराव खाकरले आणि हळूच म्हणाले, “म्हन, नीट चौकशी करा म्हन्ते. तेवढंच म्हन, पोरी.” आवाज मायेचा होता. दर शनिवारी ‘वाहू दे’ म्हणतानाही तो तसाच असायचा.

तिनं हातातला कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरीच असलेला. आणि मॅडमकडे पाठ करून, जिनं तिला झोपेत उचलून बांधावर नेलं होतं तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“खोटं नाई बोलला तो, मावशी. तीनदा लिवलं त्यानं. दोनदा साहेबाले, अन् एकदा मले. मी तिन्ही वाचले. अन् मीच पुसले.”